चित्रपट महोत्सव चांगला की नुसताच मोठा?

गोव्यात २०२४ साली झालेल्या ५५ व्या इफ्फीची, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, ओळख करून देताना सगळीकडे हेच आकडे होते: ८१ देश, १८० हून अधिक आंतरराष्ट्रीय चित्रपट, नऊ दिवस. जरा हिशेब करून बघा. सकाळी नऊला थिएटरात शिरणारा आणि रात्री अकराला बाहेर पडणारा पक्का सिनेमावेडासुद्धा दिवसाला चार, फार तर पाच चित्रपट बघतो. मध्ये जेवण असतं, रांगा असतात, एका थिएटरातून दुसऱ्यात पळायचं असतं. नऊ दिवसांत झाले चाळीस. उरलेले एकशेचाळीस त्याच्यापुरते कॅटलॉगमध्येच राहतात. तरी दरवर्षी महोत्सवाचं यश सांगताना पहिला आकडा चित्रपटांचाच. लग्नात जेवण कसं होतं असं विचारावं आणि यजमानांनी पानात किती पदार्थ होते ते मोजून दाखवावं, तसला हा प्रकार.

माझ्या मते दर्जा ठरतो तो प्रेक्षकाला सहसा न दिसणाऱ्या तीन गोष्टींवर. चित्रपट कोण निवडतं, आणि ती निवड झाल्यावर तिच्यात कोण हात घालू शकतं. निवडलेला चित्रपट दिग्दर्शकाने बनवला तसाच पडद्यावर दिसतो का. आणि वेळापत्रक बघणाऱ्याची सोय पाहून केलंय की मान्यवरांची. यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, शिवाय तिच्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त आहेत. म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलू.

'अ' दर्जाची भानगड

बातम्यांत वाचतो आपण, "जगातल्या मोजक्या 'अ' दर्जाच्या महोत्सवांपैकी एक." हा दर्जा कोण देतं? चित्रपट निर्मात्यांच्या संघटनांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, एफआयएपीएफ. तो महोत्सवांना मान्यता देतो. त्याच्या आजच्या यादीत अ, ब, क असे वर्ग नाहीत. स्पर्धात्मक, एखाद्या विषयापुरते स्पर्धात्मक, बिगरस्पर्धात्मक आणि माहितीपट-लघुपटांचे, असे प्रकार आहेत. कान, व्हेनिस, बर्लिन, कार्लोव्ही व्हारी, टोकियो, कैरो आणि आपला इफ्फी हे पहिल्या प्रकारात येतात. त्यालाच लोक 'अ' म्हणतात.

हा संघ निर्मात्यांचा असल्याने त्याचे नियमही निर्मात्यांच्या काळजीचे आहेत. आलेला चित्रपट सुरक्षित ठेवता का, चोरी होऊ नये म्हणून काय करता, ज्यूरी, म्हणजे बक्षिसं ठरवणारं परीक्षक मंडळ, खरंच आंतरराष्ट्रीय आहे का, तक्रार आली तर कोण बघतं. सगळं आवश्यकच. पण निवड चांगली आहे की नाही, याचं हे प्रमाणपत्र नव्हे. टोरांटोचा महोत्सव जगातल्या सगळ्यात वजनदार महोत्सवांत मोडतो आणि तो या यादीत बिगरस्पर्धात्मक आहे. त्यामुळे 'अ' दर्जा ऐकून लगेच भारावून जाऊ नये, आणि नसला म्हणून नाकही मुरडू नये.

निवडतं कोण?

कानला दरवर्षी दोन हजारांहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट येतात आणि मुख्य स्पर्धेत साधारण वीस घेतले जातात. एवढे चित्रपट एक माणूस बघू शकत नाही. पहिली चाळणी निवड समितीची असते, वेगवेगळ्या भाषा आणि प्रदेश माहीत असलेल्या लोकांची. ते बघतात, भांडतात, यादी कमी करत आणतात. शेवटचा शब्द महोत्सवाच्या कलात्मक संचालकाचा. चांगल्या महोत्सवात हा माणूस कोण आहे ते सगळ्यांना माहीत असतं, तो अनेक वर्षं टिकतो आणि निवड चुकली तर शिव्याही त्यालाच बसतात. जिथे दरवर्षी वेगळी समिती आणि समितीवर आणखी समिती, तिथे निवडीला चेहरा राहत नाही. त्या महोत्सवाची आवड काय आहे, हे दहा वर्षांच्या याद्या समोर ठेवल्या तरी कळत नाही.

निवड समिती आणि ज्यूरी यांत लोक हमखास गल्लत करतात. ज्यूरी चित्रपट निवडत नाही. तिच्यापुढे तयार यादी येते, इफ्फीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अलीकडे पंधरा चित्रपटांची, आणि त्यातून ती सुवर्णमयूर, म्हणजे मुख्य बक्षीस, कुणाला द्यायचा ते ठरवते. रक्कम चाळीस लाख रुपये, दिग्दर्शक आणि निर्मात्यात वाटून. २०२२ साली ज्यूरीचे अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिद यांनी समारोपाच्या व्यासपीठावरून 'द काश्मीर फाइल्स'ला प्रचारपट म्हटलं आणि गदारोळ झाला. तुम्ही त्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच पडला: हा चित्रपट स्पर्धेत कुणी घेतला, आणि घेणाऱ्यांनी आपली बाजू पुढे येऊन का मांडली नाही? निवडणाऱ्याचा चेहरा नसला की असं होतं. सगळं भांडण पाहुण्याशी होतं.

त्याआधी, २०१७ साली, याहून मूलभूत गोष्ट घडली होती. इंडियन पॅनोरमा हा इफ्फीतला भारतीय चित्रपटांचा विभाग, १९७८ पासून चालत आलेला. त्याच्या तेरा जणांच्या निवड समितीने (तिथे तिलाच ज्यूरी म्हणतात) निवडलेल्या यादीतून दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळले. एक मल्याळम 'एस दुर्गा', ज्याला त्याच वर्षी रॉटरडॅमच्या महोत्सवात टायगर पुरस्कार मिळाला होता. दुसरा मराठी, रवी जाधव यांचा 'न्यूड', ज्याने पॅनोरमाचा पडदा उघडायचा होता. ज्यूरीप्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, आणखी काही सदस्यही बाहेर पडले. 'एस दुर्गा' दाखवा असं केरळ उच्च न्यायालयाने सांगूनही तो त्या इफ्फीत दाखवला गेला नाही. 'न्यूड'ला पुढे सेन्सॉर बोर्डाने प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र देऊन एकही कट न लावता सोडलं, हे विशेष. तो थिएटरात चालला, महोत्सवात चालला नाही!

सरकारने पैसे दिले की सरकार हात घालणारच, असं यावर म्हटलं जातं. घालतंही. हा रोग आपल्याच मातीतला आहे, असं मात्र समजू नका. जगातला सगळ्यात जुना मोठा महोत्सव व्हेनिसचा, १९३२ पासूनचा. प्रभातच्या 'संत तुकाराम'ची दखल १९३७ साली याच महोत्सवाने घेतली होती. पुढच्याच वर्षी तिथली बक्षिसं हिटलर आणि मुसोलिनीच्या मर्जीतल्या चित्रपटांकडे वळवली गेली, तेव्हा फ्रेंच, ब्रिटिश आणि अमेरिकी मंडळी चिडून बाहेर पडली. फ्रान्सने आपला स्वतंत्र महोत्सव काढायचं ठरवलं. १९३९ साली तो व्हायचा होता, तेवढ्यात महायुद्ध पेटलं, आणि अखेर १९४६ साली कानला पहिला महोत्सव झाला. ढवळाढवळीने एक महोत्सव बदनाम झाला आणि त्यातून दुसरा जन्मला. व्हेनिसला ती पत परत मिळवायला पुढे बराच काळ लागला.

प्रीमियरची हाव

मोठे स्पर्धात्मक महोत्सव म्हणतात, चित्रपट आधी कुठेही दाखवलेला नको. याला वर्ल्ड प्रीमियर म्हणतात. मग उतरत्या क्रमाने आंतरराष्ट्रीय प्रीमियर, आशिया प्रीमियर, भारत प्रीमियर. पत्रकार आणि खरेदीदार यांना ओढायला ते लागतं. फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये कान, ऑगस्टच्या अखेरीला व्हेनिस, सप्टेंबरात टोरांटो. वर्षाची पहिली फळं तिथेच तोडली जातात. इफ्फी येतो नोव्हेंबरात. प्रीमियरच्या शर्यतीत तो मागे राहणारच, त्यात काही शरम नाही.

उलट प्रेक्षकासाठी ही चैन आहे. वर्षभरात जगभर गाजलेलं सगळं पणजीत एका जागी बघायला मिळतं. केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने, आयएफएफकेने, हे फार लवकर ओळखलं. १९९६ पासून चालणारा हा महोत्सव डिसेंबरात होतो आणि त्याची स्पर्धा आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेपुरती आहे. आपण कान नाही, व्हायचंही नाही, इतकं एकदा स्पष्ट झालं की निवडीला किती धार येते ते तिरुवनंतपुरमला जाऊन बघावं. इराणी आणि तुर्की दिग्दर्शकांची नावं तिथला रिक्षावाला घेतो अशी दंतकथा आहे. दंतकथाच असेल, पण ती दुसऱ्या कुठल्या शहराबद्दल कुणी रचलेली नाही.

'कानला गेला' म्हणजे नेमका कुठे गेला?

हे मराठी वाचकाला खास सांगायला हवं. कानमध्ये मेच्या त्याच दिवसांत दोन गोष्टी चालतात. एक महोत्सव, जिथे निवड होते. दुसरा बाजार, मार्शे द्यू फिल्म, १९५९ पासूनचा. बाजारात तुम्ही नोंदणी करता, पैसे भरता, पडदा भाड्याने घेता आणि आपला चित्रपट खरेदीदारांना दाखवता. तिथे निवड नसते. बाजाराला जाणं चुकीचं मुळीच नाही, धंदा तिथेच होतो. महाराष्ट्र सरकारही आपल्या चित्रपट महामंडळातर्फे मराठी चित्रपट त्या बाजारात पाठवतं, चांगलंच आहे. मात्र परत आल्यावर पोस्टरवर 'कानमध्ये निवड' असं छापून आलं की वाचणाऱ्याची फसगत होते.

खरी निवड कशी दिसते? चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसच्या ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला त्याच वर्षी बर्लिनच्या लहान मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ साली सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचं ज्यूरी पारितोषिक मिळालं. बघा, प्रत्येक ठिकाणी महोत्सवाबरोबर विभागाचं नाव घेता येतं. पोस्टरवर नुसतं महोत्सवाचं नाव असेल आणि विभाग गाळलेला असेल, तर थोडं खोदून बघावं.

पोस्टरवरची पानांची ती दोन कंसांसारखी नक्षी, लॉरेल म्हणतात तिला, आता विकतही मिळते म्हटलं तरी चालेल. ती विकणाऱ्या महोत्सवांत शंभरेक विभाग, प्रत्येकाची प्रवेश फी, दर महिन्याला नवे 'विजेते', आणि चित्रपट कुठल्या थिएटरात, किती वाजता दाखवला याचा पत्ता नाही. ऑनलाइन अर्ज करणाऱ्या तरुण लघुपटवाल्यांना मी एकच सांगतो: मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागा. खऱ्या महोत्सवाकडे ते असतं.

पेटीतला चित्रपट आणि त्याची किल्ली

पूर्वी रिळांचे डबे यायचे. आता येते ती डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरसाठी बांधलेली चित्रपटाची डिजिटल फाइल, बहुधा हार्डडिस्कवर. ती कुलूपबंद असते. उघडायला केडीएम नावाची किल्ली लागते, आणि ही किल्ली मोठी हट्टी. ती ठरावीक चित्रपटाची, ठरावीक थिएटरातल्या ठरावीक सर्व्हरची आणि ठरावीक वेळेपुरतीच असते. आयत्या वेळी चित्रपट एक नंबरच्या पडद्यावरून तीन नंबरला हलवला की किल्ली चालत नाही. नवी किल्ली परदेशातल्या वितरकाकडून मागवायची, आणि तेव्हा तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिताना साडेपाच तासांचा घोळ झाला तर गर्दी खुर्चीत आणि पडदा काळा. 'तांत्रिक कारणामुळे खेळ रद्द' या पाटीमागे बहुतेकदा असलंच काही असतं.

हे टाळायचा उपाय अगदी कंटाळवाणा आहे. खेळाच्या आदल्या दिवशी प्रत्येक चित्रपट त्याच पडद्यावर थोडा लावून बघायचा: सबटायटल येतात का, आवाज सगळ्या बाजूंनी येतो का, चौकट बरोबर आहे का. रात्री दोन वाजता, मल्टिप्लेक्सचे नेहमीचे खेळ संपल्यावर हे काम करावं लागतं आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही. पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण ठरलेलं आहे, १४ फूट-लॅम्बर्ट. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की रात्रीचे प्रसंग चिखलासारखे दिसतात. थिएटरच्या ध्वनियंत्रावर आवाजाचा संदर्भ आकडा सात, तोही बऱ्याच ठिकाणी पाचवर किंवा त्याखाली आणून ठेवलेला, कारण जाहिराती फार मोठ्याने वाजतात. जाहिरातींसाठी उतरवलेल्या आवाजात मग शांत जपानी चित्रपट कुजबुजत राहतो.

जुन्या चित्रपटांचं आणखीच वेगळं. मूळ ३५ मिलिमीटरची प्रत दाखवायची तर तो प्रोजेक्टर लागतो, आणि मल्टिप्लेक्सांनी ते कधीच भंगारात काढले. ज्या महोत्सवात सिंहावलोकनाचा विभाग जीव ओतून केलेला असतो, पूर्ववत केलेल्या प्रती शोधून आणलेल्या असतात, तिथे बाकीचीही आस्था असते असा माझा अनुभव आहे.

खुर्ची आणि घड्याळ

आपल्याकडे महोत्सवाला तिकीट न काढता डेलिगेट म्हणून नाव का नोंदवावं लागतं? कारण सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवता येत नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देतं, आणि ती नोंदणी केलेल्या प्रेक्षकांपुरत्या, बिगरव्यावसायिक खेळांसाठी असते. गळ्यातलं कार्ड त्यासाठी. याचा दुसरा अर्थ असा की प्रत्येक महोत्सवाची यादी खेळांआधी मंत्रालयातून जाते. इथेही परवानगी जितकी उशिरा, तितका कार्यक्रम उशिरा, आणि तितका प्रेक्षकाचा खोळंबा.

वेळापत्रक हा महोत्सवाच्या आयोजनाचा खरा कस. दोन तास दहा मिनिटांचा चित्रपट, मग दिग्दर्शकाशी गप्पा, मग थिएटर रिकामं करायचं, पुढच्या रांगेला आत घ्यायचं. दोन खेळांमध्ये पंधरा मिनिटं ठेवली की दुपारपर्यंत सगळं गडगडतं. त्यात कुणी मान्यवर उशिरा आले, त्यांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, की संध्याकाळचे तीन खेळ तासभर पुढे. ज्याने पणजीहून पर्वरीच्या थिएटरात जायचं ठरवलेलं असतं त्याचा पुढचा चित्रपट गेला. महत्त्वाच्या चित्रपटांचा दुसरा खेळ वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी असणं ही चैन नव्हे, किमान गरज आहे.

आणि बुकिंग. ॲप उघडताच सगळं भरलेलं, आत गेलं तर चौथा हिस्सा खुर्च्या रिकाम्या, हे अनेकांनी भोगलंय. फुकट बुकिंग असलं की लोक सहा खेळ अडवून ठेवतात आणि तीनच बघतात. औषध माहीत आहे. बुक करून न आलेल्याचं पुढचं बुकिंग रोखायचं, आणि खेळाच्या दहा मिनिटं आधी रिकाम्या जागा बाहेरच्या रांगेला द्यायच्या. फक्त ते निमंत्रितांच्या राखीव रांगांनाही लागू केलं पाहिजे. तिथेच घोडं अडतं.

पैसा कुणाचा

सरकारी पैशाचे तोटे वर सांगितले. खासगी पैशाचेही ऐका. मुंबईचा मामी महोत्सव १९९७ साली हृषीकेश मुखर्जींच्या पुढाकाराने उभा राहिला. २०१४ साली मोठा प्रायोजक गेला आणि चित्रपटसृष्टीतल्या व बाहेरच्या लोकांनी वर्गणी काढून तो वाचवला. पुढे काही वर्षं जिओचं नाव महोत्सवाच्या आधी लागलं, तेव्हा झगमगाटही वाढला. ते नाव गेलं, आणि २०२५ साली महोत्सव झालाच नाही. सरकारी महोत्सवात एखादा चित्रपट अडतो. प्रायोजकाच्या महोत्सवात अख्खं वर्ष गळतं.

पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पिफ, या दोन्हींच्या मधला. पुणे फिल्म फाउंडेशन तो चालवतं, राज्य सरकार पाठीशी असतं, जब्बार पटेल सुरुवातीपासून त्याचं तोंड आहेत. त्याच्या निवडीबद्दल तक्रारी असतील, पण तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक असतं. शिवाय पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट असल्याने रांगेत उभा असलेला माणूस तयार असतो. खेळ संपल्यावर दिग्दर्शकाला प्रश्न विचारायला उठतो तो, आणि कधी कधी प्रश्नाऐवजी भाषणच देतो. असू दे.

या सगळ्या खटाटोपातून मिळतं काय, याचं सर्वांत चांगलं उत्तर आपल्याच पहिल्या महोत्सवात आहे. २४ जानेवारी १९५२ रोजी तो मुंबईत सुरू झाला, फिल्म्स डिव्हिजनने भरवलेला, स्पर्धा नाही, बक्षिसं नाहीत. मुंबईनंतर तो मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्याला फिरला. तिथे इटालियन नववास्तववादी चित्रपट आपल्याकडच्या मंडळींनी पाहिले, त्यांत 'बायसिकल थीव्ह्ज' होता आणि प्रेक्षकांत बिमल रॉय होते. रॉय यांचा 'दो बिघा जमीन' १९५३ साली आला. त्या महोत्सवात २३ देश होते, म्हणजे २०२४ च्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त.